डोळे झाकून शंभर दाणे

शेलूबाजारला हमरस्त्याच्या कडेला जगदेवचं बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. वापरून झालेली पोती शेतकऱ्यांकडून घ्यायची, झटकायची, फाटली असतील तर दाभण घेऊन शिवायची आणि हंगामाला पुन्हा विकायची. साधा धंदा, त्यात लबाडी करायलासुद्धा फारशी जागा नाही. पण एक काम जगदेव गेली कित्येक वर्षं न चुकता करत आला होता. 'शंभरदाणा' कंपनीच्या सोयाबीन बियाण्याचं पोतं हाती आलं, की तो ते आधी उलटं करायचा. बाहेरची बाजू आत, आतली बाहेर. मगच ते थप्पीवर जायचं.

बाहेरच्या बाजूला चित्र होतं ना! ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडलेले, कोंब फुटलेले शंभर दाणे, आणि खाली कंपनीच्या मालकाची झोकदार सही: उदयसिंग आडे.

शेजारी जमशेदचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजता पिंजता जमशेद हे बघायचा आणि म्हणायचा, "जगदेवभाऊ, पोतं उलटं केल्यानं त्याची तकदीर बी उलटी होते का?"

"उलटं पोतं जास्त टिकते," जगदेव म्हणायचा.

"टिकत असन," जमशेद म्हणायचा आणि पुन्हा पिंजायला लागायचा. त्याला सगळं माहीत होतं. सगळ्या शेलूबाजारला माहीत होतं.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? जगदेव जळत होता. परक्यावर जळणारा माणूस दोन दिवस जळतो आणि तिसऱ्या दिवशी गुमान जेवायला बसतो. पण उदयसिंग परका नव्हता, जगदेवच्या ताटात जेवलेला होता. मंगरूळपीरच्या शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. जगदेवच्या बापाची चाळीस एकर जमीन, दारात तीन बैलजोड्या. उदयसिंगचा तांडा शाळेच्या वाटेवर. रोज सकाळी तो तांड्याच्या फाट्यावर उभा असायचा आणि जगदेव त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा. ज्याला आपण दांडीवर बसवलं तो पुढं मोटारीत बसला, की सायकलवाल्याच्या पोटात जे होतं त्याला औषध नाही.

हे दुखणं टप्प्याटप्प्यानं वाढत गेलं होतं. उदयसिंगनं अकोल्याला बियाण्याचा कारखाना टाकला, तेव्हा जगदेव म्हणाला, बुडेल. बुडाला नाही. पोती मध्य प्रदेशात जायला लागली, तेव्हा म्हणाला, तिकडच्यांनी अजून याला ओळखलं नाही. तिकडच्यांनी ओळखून आणखी पोती मागवली. मग तो व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, सरकारी समित्यांवर गेला, परदेशी जाऊन आला. आणि गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी टीव्हीवर खालून पट्टी सरकली: उद्योजक उदयसिंग आडे एका दूरच्या डोंगराळ राज्याचे राज्यपाल.

जगदेवनं टीव्ही बंद केला. आमदार झाला असता तर चारचौघांत शिव्या तरी देता आल्या असत्या. रस्त्यात खड्डा पडला, नळाला पाणी नाही, घाल शिव्या. राज्यपालाला कशावरून शिव्या घालायच्या? तेवढीसुद्धा सोय त्या माणसानं ठेवली नव्हती.

वैशाखात ठरलं, की जिल्ह्याच्या वतीनं राज्यपालांचा सत्कार करायचा, आणि तोही शेलूबाजारात, जिथं त्यांनी धंद्याला सुरुवात केली तिथं. सोबत एक गौरवग्रंथही काढायचा. त्यातलं 'बालपण आणि उद्योग' हे प्रकरण लिहायचं काम मंगरूळपीरच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मंजुषा मॅडमकडे आलं. एका दुपारी त्या जगदेवच्या घरी आल्या. जगदेवची बायको मनकर्णाबाई हिनं सतरंजी टाकली, माठातलं पाणी दिलं आणि ती चहाला आत गेली.

मॅडमनी मोबाइल पुढ्यात ठेवला. "काका, साहेबांच्या सुरुवातीच्या दिवसांचे साक्षीदार तुम्हीच. अगदी पहिल्यापासून सांगा."

साक्षीदार! भागीदाराला साक्षीदार म्हणणं म्हणजे नवरदेवाला वऱ्हाडी म्हणण्यासारखं झालं.

"साक्षीदार नाही, भागीदार," जगदेव म्हणाला. "तसंच लिवा."

मग तो सांगत गेला. तेव्हा इकडं ज्वारी-कपाशीचं राज्य होतं, सोयाबीन कोणी धड पाहिलेलंही नव्हतं. पुढं हेच पीक चालणार, असं दोघांना वाटलं. जमशेदच्या बापाचं गोदाम भाड्यानं घेतलं आणि बियाणं विकायला बसले. "उदेसिंगपाशी एक सदरा होता अन एक जीभ होती," जगदेव म्हणाला. "गावोगाव फिराचा, गोड बोलाचा. ते त्याचं काम. डोकं माहं."

"आणि ते गोणपाट? पोत्यावर चित्र आहे ते?"

या प्रश्नाची जगदेव इतकी वर्षं वाट बघत होता. आता तो दारात आलाच होता, तर जगदेवनं त्याला घाई केली नाही. आधी उपरण्यानं तोंड पुसलं, मांडी बदलली.

"ते गोनपाट माहं," तो म्हणाला. "शंभर दाने मोजाचे. ओल्या गोनपाटात गुंडाळाचे. पाच-सहा दिवसानं उलगडाचं अन किती उगवले ते मोजाचं. नव्वद उगवले तर बियानं नव्वद टक्के. सारं गिऱ्हाइकाच्या डोयासमोर. असं कोनीच करत नोतं तवा. लोकायचा भरवसा बसला तो त्या गोनपाटावर बसला. त्यानं काय केलं? त्याच्याखाली सही केली. पुरी जिंदगी त्या सहीवर चालून राह्यली त्याची."

मनकर्णाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं कप खाली ठेवले आणि मॅडमना विचारलं, "साखर पुरली का पाहा, बाई."

"छान झालाय, काकू." मॅडम पुन्हा जगदेवकडे वळल्या. "मग इतकं चांगलं चाललेलं असताना भागीदारी तुटली कशी?"

जगदेवनं बशीत चहा ओतला. फुंकर घातली. पुन्हा फुंकर घातली. "नशीब," तो म्हणाला. "एक साल पावसानं दगा देल्ला. मंग मन नाही लागलं."

मनकर्णाबाई आत गेली. आत एक पातेलं जरा जोरात आदळलं.

जाताना मॅडम म्हणाल्या, की हे सगळं छापायच्या आधी साहेबांकडे जाईल, प्रत्येक पान ते स्वतः वाचणार आहेत. "वाचू द्या," जगदेव म्हणाला. "त्याले बी सारं मालूम आहे." म्हणताना छाती पुढं होती. मॅडमची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि छाती जागेवर आली.

आठ-दहा दिवसांनी मॅडमचा फोन आला. साहेबांनी बाकी मजकुराला हात लावला नव्हता. फक्त गोणपाटाचा परिच्छेद लाल शाईनं कापला होता आणि बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: हे मी शेलूबाजारच्या सभेत सांगीन. तोवर एवढं पान कोरं ठेवा.

जगदेवला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कापला म्हणजे नाकारला? की सभेत सांगीन म्हणजे कबूल करीन? अख्ख्या जिल्ह्यासमोर, मंत्र्यांसमोर, "ही युक्ती माझी नव्हती, माझ्या भागीदाराची होती" एवढं एक वाक्य तो बोलला, की झालं. जगदेवला दुसरं काही नको होतं. कारखाना नको, बंगला नको. ते एक वाक्य हवं होतं आणि त्यात आपलं नाव हवं होतं. त्या कोऱ्या पानावर ते छापलं, की मरायला मोकळा.

"बोलन तो," जमशेद म्हणाला. "उदेभाऊ खोटा आदमी नाही."

"आजवर काहून नाही बोलला मंग?"

"तुमी कधी इचारलं का?"

आशा मोठी चिवट चीज आहे. सभेच्या आधीचा आठवडाभर 'शंभरदाणा'ची जी चार पोती दुकानात आली, ती त्यानं उलटी केली नाहीत. चित्रासकट तशीच थप्पीवर टाकली. जमशेदनं ते पाहिलं आणि कापूस पिंजत राहिला.

सभेच्या दोन दिवस आधी तलाठी घरी येऊन दोन पास देऊन गेला. जगदेवनं चष्मा लावून वाचले. एकावर त्याचं नाव: तिसरी रांग. दुसऱ्यावर मनकर्णाबाईचं: पहिली रांग.

"कारकुनाचा घोय," जगदेव म्हणाला. "नावं उलटे टाकले. पाहाय काय कारभार आहे."

मनकर्णाबाई गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुले त्या पुढच्या लाऊडस्पीकरचा तरास होईन," तो म्हणाला. "मी बसतो तुह्या जागेवर."

"बसा ना," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की जगदेवला आत कुठंतरी टोचलं. पहिल्या रांगेवर माणसानं असं पाणी सोडायचं असतं का?

सभा शाळेच्या मैदानावर. मोठा मांडव, कूलर, जागोजाग पोलीस. जगदेवनं नवा नेहरू शर्ट शिवून घेतला होता, कडक इस्त्रीची टोपी घातली होती. पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीत तो बसला, तेव्हा त्याला वाटलं, की खुर्चीसुद्धा आपल्याला ओळखते. पाच मिनिटांत हातात यादी घेतलेली एक पोलीसबाई आली.

"बाबा, ही मनकर्णाबाईंची खुर्ची आहे."

"मी तिचा नवरा हो."

"हो, पण त्या कुठं आहेत? साहेबांच्या ऑफिसातून दोनदा फोन आला, त्या पहिल्या रांगेतच पाहिजेत म्हणून."

तिसऱ्या रांगेतून मनकर्णाबाईला आणलं गेलं. हातात पिशवी, पायात रोजच्याच चपला. जगदेव उठला आणि मागं जाऊन जमशेदशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. बायकांचा मान ठेवायची सरकारी पद्धत असेल, असं त्यानं जमशेदला सांगितलं. जमशेद म्हणाला, असेल.

उदयसिंग आला. सगळे उभे राहिले, म्हणून जगदेवलाही उभं राहावं लागलं. मागं चकचकीत गणवेशातला एक अधिकारी, पुढं पोलीस, मधे हा. अंगावर बंद गळ्याचा पांढरा कोट, केस पिकलेले, पण चाल ताठ. जगदेवनं बारकाईनं बघितलं: तोंडातले दात सगळे जागेवर. त्याचे स्वतःचे पाच गेले होते. हा हिशेबही त्याला त्या घटकेला अन्यायाचा वाटला.

हार झाले, शाल झाली. कलेक्टर बोलले, मंत्री बोलले. मग उदयसिंग माइकपाशी आला. पुढ्यात टाईप केलेलं भाषण होतं. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं.

"ते कागदावरचं बोलनं तिकडच्या राज्यात," तो म्हणाला. "इथं आपलं वऱ्हाडीच बरं."

टाळ्या पडल्या. तांड्याची आठवण निघाली, शाळेची निघाली. "जगदेवच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो," तो म्हणाला. "ते दांडी अजून टोचते मले." लोक हसले आणि मागं वळून जगदेवकडे बघायला लागले. जगदेवनं मान जराशी हलवली. आता.

"माह्या पोत्यावर जे चित्र आहे ना, त्याच्याखाली माही सही आहे. लोक म्हनतात, उदयसिंगची अक्कल. आज शेलूबाजारात उभा आहो. इथं खोटं बोललो तर पयले जमशेदभाई उठून उभा राहीन." पुन्हा हशा. "म्हनून खरं सांगतो. ते गोनपाट माहं नाही."

जमशेदनं कोपरानं ढोसलं. जगदेवनं टोपी सारखी केली.

"ते माह्या भागीदाराच्या घरचं आहे."

जगदेवनं गुडघ्यांवर हात टेकले आणि तो अर्धा उठलासुद्धा.

"त्या घरात एक माउली दरसाल पेरनीच्या आंधी ओल्या गोनपाटात दाने बांधून चुलीपाशी ठेवत होती. मी जेवाले गेलो की पाहाचो. एक दिवस इचारलं, वहिनी, हे काय करून राह्यल्या? तिनं मले सारं शिकवलं. ज्या गोनपाटावर माही कंपनी उभी आहे, ते मनकर्नावहिनीचं आहे."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतली माणसं उठून मनकर्णाबाईला नमस्कार करायला लागली. मनकर्णाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. जगदेव अर्धा उठला होता तो तसाच वाकला आणि खुर्चीचा पाय नीट बसला नसल्यासारखी खुर्ची हलवून पुन्हा बसला. कोणाच्या लक्षात आलं नाही. जमशेदच्या आलं, पण तो स्टेजकडे बघत राहिला.

उदयसिंग अजून बोलत होता. "वहिनीनं एक गोष्ट जोर देऊन सांगतली होती. भाऊजी, म्हने, पोत्यातून शंभर दाने घेताना डोये झाका. डोये उघडे असले का हात आपसूक चांगलेच दाने उचलते. मंग गोनपाटात सारे उगवतात अन वावरात निम्मे. आमी दोघं भागीदार असताना, एक्क्याण्णव साली, मी ते इसरलो. डोये उघडे ठेवून दाने घेतले. ब्याण्णव उगवले. म्या छाती ठोकून पोते इकले. इंझोरीकडच्या वावरात चाळीसबी उगवले नाही. लोकायले दुबार पेरावं लागलं. चूक माही होती. मी त्या हरएक वावरात गेलो, हात जोडले, दुसरं बियानं देल्लं. कारखाना काहाडायची अक्कल मले त्या चुकीनं देल्ली."

सगळ्यांत मोठ्या टाळ्या या चुकीला पडल्या. मंत्री टाळ्या वाजवत होते, कलेक्टर वाजवत होते. जगदेवनं मात्र टाळी वाजवली नाही.

कारण एक्क्याण्णव साली ते शंभर दाणे उदयसिंगनं घेतलेच नव्हते. तो तेव्हा तांड्यावर बहिणीच्या लग्नात होता. गोदामात जगदेव होता. त्यानंच पोत्याचं तोंड सोडलं होतं, त्यानंच दाणे उचलले होते: टपोरे, गोल, पिवळे धमक. फसवायचं मनात नव्हतं. वाईट दाण्याकडे हात गेलाच नाही, एवढंच. इंझोरीची माणसं दारात आली तेव्हा तो म्हणाला, बियाण्यात दोष नाही, ब्याण्णव उगवले, मी स्वतः मोजले, दोष पावसाचा. उदयसिंग उन्हातान्हात वावरं तुडवत होता आणि जगदेव घरात ब्याण्णवचा आकडा धरून बसला होता. त्या दिवसांत मनकर्णाबाईनं उरलेल्या पोत्यातून डोळे झाकून शंभर दाणे घेतले आणि गोणपाटात बांधले. सहा दिवसांनी न बोलता त्याच्यासमोर उलगडले. एकेचाळीस. जगदेवनं ते गोणपाट उकिरड्यावर फेकलं आणि दुसऱ्या दिवशी भागीदारी मोडली.

दाणे निवडून घेतले होते, हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक माइकपाशी उभं राहून ते स्वतःच्या अंगावर घेत होतं. दुसरं पहिल्या रांगेत पदर सावरून बसलं होतं. तिसऱ्याला टोपी काढून तोंड झाकावंसं वाटत होतं.

सभा संपल्यावर उदयसिंग खाली उतरला, मनकर्णाबाईच्या पाया पडला, गर्दीतून हात उंच करून जगदेवला हाक मारली. जगदेव तोवर मांडवाबाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला नाही. मनकर्णाबाई ओसरीवर बसली होती. त्यांच्याकडे आता चार एकरच उरली होती, पण पेरणी दोन आठवड्यांवर आलेली. घरचं बियाणं राखलेलं पोतं तिनं पुढ्यात ओढलं होतं. पोतं 'शंभरदाणा'चंच, जगदेवनं उलटं केलेलं. बाजूला ओलं गोणपाट अंथरलेलं.

जगदेव खांबाला टेकून बघत होता. कालपर्यंत तो अगदी मनापासून मानत आला होता, की ती युक्ती त्याची. घर माझं, गोणपाट माझं, चूल माझी, बायको माझी. मग त्या घरातली युक्ती दुसऱ्या कोणाची असणार? आणि आजवर ज्याच्यावर जळायचं तो माणूस निदान अकोल्याला तरी होता. आता पोटात जे पेटलं होतं ते समोर ओसरीवर बसलेल्या, स्वतःच्या बायकोवर पेटलं होतं. याची त्याला लाज वाटली, पण लाजेनं ते विझलं नाही.

"तू त्याले सांगतलं," तो म्हणाला. "मले नाही सांगतलं."

"तुमाले पयले सांगतलं होतं," मनकर्णाबाई म्हणाली. "लगनाच्या दुसऱ्याच साली. तुमी म्हनले, दाने मोजाले डोये कायले झाकाचे? मी काय आंधया हो का?"

जगदेवला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. तो हसला होता तेव्हा, आणि हसत हसतच आईलाही सांगितलं होतं, की ही वेडी डोळे झाकून बियाणं पारखते.

"इतके साल बोलली नाही कधी."

"तुमी सांगत होते ना साऱ्यायले. मंग मी कायले सांगू?"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मंजुषा मॅडम होत्या.

"काका, ते कोरं पान आज छपाईला जातंय. साहेब बोलले तसंच टाकते. गोणपाट काकूंचं आणि एक्क्याण्णवची चूक साहेबांची. तुमची काही हरकत नाही ना?"

'नाही' म्हटलं, की विषय संपला. जन्माची झाकली मूठ छापील झाकली राहणार होती. जगदेवनं तोंड उघडलं आणि त्याला कालच्या टाळ्या ऐकू आल्या. त्याच्या स्वतःच्या चुकीला पडलेल्या टाळ्या. या उदयसिंगनं धंदा नेला, नाव नेलं, मान नेला. बायकोची युक्ती नेली, तीही कबूल करून आणखी मोठा झाला. उरली होती एक चूक. अख्ख्या आयुष्यात नक्की स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक चीज जगदेवपाशी होती, आणि काल भर सभेत तीही उचलून त्यानं अंगावर चढवली, वर टाळ्या घेतल्या.

"हरकत आहे," जगदेव म्हणाला.

मनकर्णाबाईचा पोत्यातला हात थांबला.

"गोनपाट मनकर्नाबाईचं, ते बराबर लिवलं. पन चूक त्याची नाही. थो तर गावात बी नोता त्या दिवशी. ते शंभर दाने म्या निवडून घेतले. डोये उघडे ठेवून. इंझोरीचे वावरं माह्यामुयं बुडाले. ते माह्या नावावर लिवा, पुऱ्या नावानं. त्याच्या नावावर जाऊ देऊ नोका."

"काका, नक्की ना? छापलं की मग..."

"पक्कं. त्याले वाचाले धाडलं तर सांगा, जगदेव म्हने, याच्यावर लाल शाई नाही चालनार."

त्यानं फोन ठेवला. खूप वर्षांनी भांडून काहीतरी परत मिळवल्यासारखं त्याला वाटत होतं. मनकर्णाबाई त्याच्याकडे बघत होती. तिनं पोतं त्याच्या बाजूला सरकवलं.

"घ्या," ती म्हणाली. "झाका डोये."

जगदेव खाली बसला. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत गार होतं. दाणे बोटांतून सरकत होते. एखादा सुरकुतलेला लागला की बोट त्याला बाजूला सारायचं, टपोरा लागला की मुठीत घ्यायचं.

"बोटानं निवडून राह्यले तुमी," मनकर्णाबाई म्हणाली.

जगदेवनं मूठ आतल्या आत सोडली आणि पुन्हा हात घातला.